मशीनवर जॉब चढवणाऱ्या माणसाची हालचाल कॉम्प्युटरवर कशी उभी करायची: शॉप फ्लोअरपासून रिपोर्टपर्यंत, टप्प्याटप्प्याने

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या कंपन्यांमधून आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमधून एर्गोनॉमिक्सची (काम माणसाच्या शरीराला झेपतं का हे बघायची) सिम्युलेशन आता बऱ्यापैकी होतात, पण बहुतेक ठिकाणी एकच घोळ असतो, सॉफ्टवेअर आधी उघडलं जातं आणि टेप नंतर हातात घेतली जाते. मग स्क्रीनवर मॅनिकिन, म्हणजे कॉम्प्युटरमधला माणसाचा पुतळा, छान वाकतो, वजन उचलतो, रंगीत आलेख येतो, आणि त्या आलेखावरून बनवलेलं टेबल शॉपमध्ये आल्यावर ऑपरेटर म्हणतो की साहेब याच्यावर काम होत नाही. मॅनिकिन कधीच तक्रार करत नाही, त्याला गुडघा दुखत नाही, तुम्ही जशी पोझ द्याल तशी तो घेतो, त्यामुळे पोझ खरी आहे का हे बघायची सगळी जबाबदारी आपली.

खालचं सगळं एका कामावर धरून लिहिलंय: जमिनीवरच्या बिनमधून १४ किलोचं कास्टिंग (ओतीव भाग) उचलायचं, वळायचं आणि व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनच्या) फिक्स्चरवर, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या बैठकीवर, ठेवायचं. फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये हे काम रोजचं आहे. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे बनवणं), पॅकिंग, यंत्रमाग, कुठलंही काम घेतलं तरी क्रम हाच राहतो.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"या स्टेशनचं एर्गोनॉमिक्स करायचंय" हा प्रश्न झाला नाही. "बिन किती उंचीवर आणि मशीनपासून किती लांब ठेवली तर कंबरेवरचा भार कमी होतो" हा प्रश्न झाला. "बुटक्या ऑपरेटरचा हात फिक्स्चरच्या मागच्या क्लॅम्पपर्यंत पोचतो का" हाही झाला. पहिल्या प्रश्नाला वजन उचलण्याचं गणित लागतं, दुसऱ्याला फक्त पोच बघावी लागते आणि त्याला हालचाल बनवायचीसुद्धा गरज नाही, एक स्थिर पोझ पुरते. प्रश्न ठरला नसेल तर तुम्ही पूर्ण सायकलचं अॅनिमेशन करत बसाल आणि दोन आठवडे जातील.

इथेच टूलही ठरतं. सीमेन्सचं जॅक किंवा प्रोसेस सिम्युलेट, दसॉचं डेल्मिया ही कंपन्यांमधली नेहमीची नावं. स्नायू आणि सांध्यांवरचा भार खोलात बघायचा असेल तर स्टॅनफर्डचं ओपनसिम आहे, ते फुकट आहे पण शिकायला वेळ घेतं. पोच आणि जागा एवढंच बघायचं असेल तर ब्लेंडरमध्येही काम भागतं, फक्त त्यात एर्गोनॉमिक्सचे स्कोअर, म्हणजे पोझ शरीराला किती त्रासाची आहे त्याचे आकडे, तयार नसतात, ते हाताने काढावे लागतात. कॉलेजच्या पोरांना माझं सांगणं एवढंच, लायसन नाही म्हणून थांबू नका, व्हिडिओवरून कोन मोजायचं किनोविया फुकट आहे आणि पहिल्या चार टप्प्यांना त्याच्यापलीकडे काही लागतच नाही.

टप्पा २: काम बघा आणि शूट करा

कॅमेरा घेऊन शॉपमध्ये गेलात की पहिला समज हाच होतो की टाइम स्टडीवाले आले. मग कुणी हात चालवतो भराभर, कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं गुडघे वाकवून अगदी नियमाने उचलतो, आणि दोन्ही व्हिडिओ निकामी. म्हणून आधी सुपरवायझरला बाजूला ठेवून त्या माणसाशी सरळ बोला: "मामा, टायमिंग मोजायला आलो न्हाई, बिन किती उंच पायजे ते बघायला आलोय, रोज करताय तसंच करा." आणि हे खरंच असलं पाहिजे. याच व्हिडिओवरून पुढे कुणी उत्पादनाचा आकडा वाढवला तर त्या शॉपमध्ये तुम्हाला परत कुणी खरं काम दाखवणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. परवानगी विचारा, रिपोर्टमध्ये चेहरे झाका.

शूट करताना:

- दोन मोबाइल लावा, एक बरोबर बाजूने आणि एक समोरून किंवा मागून. बाजूचा कॅमेरा काटकोनात नसेल तर किनोवियात मोजलेला कंबरेचा कोन चुकीचा येतो, आणि माणूस वळला की तसाही चुकतो, म्हणून दुसरा कॅमेरा.
- सेकंदाला ३० फ्रेमला पोझ नीट कळते. हातोडा मारणं, झटका देणं असं काही असेल तर ६० फ्रेम ठेवा.
- मोबाइल स्टँडवर पाहिजे, हातात धरून नको. फ्रेममध्ये माहीत असलेल्या लांबीची एक पट्टी उभी दिसू द्या.
- एकच माणूस शूट करू नका. उंच, बुटका, जुना, नवा, डावखुरा असेल तर तोही. पाळी सुरू होतानाचे काही सायकल घ्या आणि संपतानाचेही घ्या, कारण दमलेला माणूस गुडघे वाकवत नाही, सरळ कंबरेतून वाकतो.
- बिन भरलेली असताना आणि तळाला आलेली असतानाही शूट करा. सगळ्यात वाईट वाकणं शेवटच्या थरातल्या कास्टिंगला असतं, आणि नेमका तोच थर बहुतेक सिम्युलेशनमध्ये नसतो.

थांबा, तपासा: व्हिडिओ बघून सायकलचे तुकडे कागदावर लिहा. वाकला, पकडलं, उचललं, वळला, पाऊल टाकलं, दारातून आत वाकला, ठेवलं, क्लॅम्प लावला. ही यादी त्याच ऑपरेटरला वाचून दाखवा. तो हमखास एखादी गोष्ट सांगेल जी तुमच्या व्हिडिओत आलीच नाही, म्हणजे चिप (धातूचा किस) झाडायला एअर गन घ्यायची, किंवा दर काही जॉबनंतर बिन पायाने पुढे ओढायची.

टप्पा ३: मापं, जागेची आणि जोराची

ड्रॉइंगवरची मापं घेऊ नका. मशीन पॅडवर उचललेलं असतं, फ्लोअरला उतार असतो, पुढे कूलंटचा ट्रे आलेला असतो, नंतर कुणीतरी लाकडी फळ्या टाकलेल्या असतात. टेपने मोजा: फ्लोअरपासून दाराच्या उंबऱ्याची उंची, उंबऱ्यापासून फिक्स्चरच्या मध्यापर्यंतचं अंतर, दार उघडल्यावरची रुंदी, पॅनेल कुठे येतो, बिनची उंची आणि तिच्या भिंतीची उंची वेगळी, बिन ते मशीन अंतर.

एक माप जवळजवळ प्रत्येकजण विसरतो, पायाची जागा. बऱ्याच व्हीएमसीला पुढून खाली सरळ पत्रा असतो, बुटाचं टोक आत जात नाही. त्यामुळे माणूस उंबऱ्यापासून मागे उभा राहतो, पोट उंबऱ्याला टेकवतो आणि वजन हातात धरून पुढे झुकतो. मॅनिकिनचा पाय तुम्ही पत्र्याच्या आरपार घातला असेल तर तो आरामात उभा दिसेल आणि स्कोअर छान येईल. असा रिपोर्ट सही करून पुढे गेला की त्याच्या भरवशावर खरी माणसं वर्षानुवर्षं झुकत राहतात.

वजन आणि जोर:

- कास्टिंग काट्यावर ठेवून वजन करा. रायझर-गेटसहित (ओतताना चिकटून राहिलेल्या जादा धातूसहित) येत असेल तर त्यासहित.
- ट्रॉली किंवा बिन ओढायला किती जोर लागतो ते लटकता डिजिटल काटा अडकवून मोजा. सुरू करताना आणि चालू असताना, दोन्ही आकडे वेगवेगळे येतात, सुरू करतानाचा मोठा असतो.
- ग्राइंडरचं काम असेल तर त्याच्या वजनाबरोबर केबल किंवा एअर होसचं ओझंही धरा.

सावध: ग्राइंडरचे हादरे पोझच्या कुठल्याच स्कोअरमध्ये येत नाहीत. फेटलिंगचा स्कोअर चांगला आला म्हणून काम सुरक्षित आहे असं लिहू नका, हादरे, धूळ आणि उष्णता वेगळी मोजायची असते.

टप्पा ४: माणसांची मापं

सॉफ्टवेअर उघडल्यावर जो मॅनिकिन उभा राहतो तो बहुधा अमेरिकन सैन्याच्या मापांवरून बनवलेला असतो. त्याला घेऊन कोल्हापूरच्या शॉपचं टेबल ठरवायचं नाही. भारतीय मापांसाठी अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) १९९७ साली काढलेला देबकुमार चक्रवर्ती यांचा डेटा कामाचा आहे. पण तो जुना आहे, आणि आपल्या फाउंड्रीत कोल्हापूर-सांगलीच्या माणसांबरोबर यूपी, बिहार, ओडिशाची माणसंही उभी असतात, त्यामुळे जमेल तितक्या ऑपरेटरची मापं स्वतः घ्या: उंची, खांद्याची उंची, कोपराची उंची, हात खाली सोडल्यावर मुठीची उंची, पुढे हाताची पोच. सेफ्टी शूज घालूनच घ्या, टाच दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढवते. बायका त्या स्टेशनला काम करत असतील किंवा करायची शक्यता असेल तर त्यांची मापं पहिल्या दिवसापासून यादीत पाहिजेत, नंतर जोडायला गेलात तर सगळं लेआउट परत काढावं लागतं.

आता पर्सेंटाइल, इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. सरासरी माणूस, म्हणजे ५०वा पर्सेंटाइल, घेऊन डिझाइन केलं की पोच निम्म्या लोकांना कमी पडते आणि जागा उरलेल्या निम्म्यांना. नियम साधा आहे. पोच बघायची तर छोटा माणूस घ्या, ५वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरात पाचचजण ज्याच्याहून छोटे असतात तो. डोकं, खांदे, मांड्या मावतात का बघायचं तर मोठा, ९५वा. टेबलाची उंची वरखाली होणार असेल तर दोन्ही, होणार नसेल तर उंच माणसाला धरून टेबल करा आणि बुटक्याच्या पायाखाली पक्का प्लॅटफॉर्म द्या, कारण टेबल कापता येत नाही.

आणि एक, ज्याची उंची ५व्या पर्सेंटाइलची आहे त्याचे हात, पाय, धड सगळं ५व्याचंच असतं असं नाही. तसा माणूस जवळपास नसतोच. म्हणून उंची कमी पण धड लांब, उंची जास्त पण हात आखूड, असे एकदोन मॅनिकिन मुद्दाम बनवा.

कामाच्या उंचीचा ढोबळ अंदाज कोपरावरून: बारीक काम कोपराच्या ५ ते १० सेंमी वर, हलकं काम १० ते १५ सेंमी खाली, जोर लावायचं काम १५ ते ४० सेंमी खाली. सुरुवात इथून करा, शेवट सिम्युलेशन आणि माणूस दोघं मिळून ठरवतील.

टप्पा ५: सीन उभा करा

मशीनची स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) मिळाली तर आतले गिअर, स्क्रू, मोटर सगळं काढून टाका, फक्त माणसाला लागणारे बाहेरचे पृष्ठभाग ठेवा, नाहीतर सीन हलणार नाही. फाइल मिळाली नाही तर टप्पा ३ च्या मापांवरून साधे ठोकळे करा. माझ्या मते ठोकळे बऱ्याचदा जास्त बरे, कारण त्यांची मापं तुम्ही स्वतः टेपने घेतलेली असतात.

तपासा: मिलिमीटर की मीटर हे इम्पोर्ट करताना बघा, आणि वर कुठला अक्ष आहे तेही. दाराची रुंदी सीनमध्ये मोजून टेपच्या मापाशी जुळवा. हे एक मिनिटाचं काम आहे आणि यावर पुढचं सगळं उभं आहे.

टप्पा ६: हालचाल

तीन रस्ते आहेत. हाताने पोझ लावत जायचं, सेन्सर किंवा कॅमेऱ्याने खऱ्या माणसाची हालचाल पकडायची, किंवा सॉफ्टवेअरला "हे उचल, तिथे ठेव" सांगून त्यालाच करू द्यायचं. नवख्याने पहिलाच धरावा. व्हिडिओतून सहा-आठ महत्त्वाच्या पोझ काढा, तेवढ्याच मॅनिकिनला द्या. स्कोअर पोझवर निघतो, मधली गुळगुळीत हालचाल प्रेझेंटेशनला छान दिसते इतकंच.

पोझ लावायचा क्रम पाळा: आधी पाय जमिनीवर, मग कंबर, मग धड, मग हात वस्तूवर, शेवटी मान आणि नजर. हातापासून सुरू केलंत तर सॉफ्टवेअर उरलेलं शरीर कसंही वाकवून हात पोचवतं.

सेन्सरचा सूट वापरणार असाल तर आपल्याकडच्या शॉपची एक मोठी अडचण लक्षात घ्या. या सेन्सरपैकी बरेच दिशा कळायला चुंबकीय क्षेत्र वापरतात, आणि आजूबाजूला सगळं लोखंड, मोटरी, मशीनचे बेड, त्यामुळे दिशा हळूहळू सरकत जाते. कॅलिब्रेशन लोखंडापासून लांब मोकळ्यावर करा, दर थोड्या वेळाने परत करा, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी माणसाला एकाच जागी सरळ उभं करा. दोन्ही पोझ जुळल्या नाहीत तर ते रेकॉर्डिंग सोडून द्या. मार्करवाले कॅमेरे असतील तर चकचकीत मशीन केलेला पृष्ठभाग आणि बुरादा मार्करसारखा चमकतो, तो झाका.

सावध: उंच माणसाची पकडलेली हालचाल बुटक्या मॅनिकिनवर तशीच चिकटवू नका. हात बटणापर्यंत पोचणार नाही, किंवा पाय जमिनीवरून सुटतील, आणि सॉफ्टवेअर ते गुपचूप ओढून ताणून जुळवेल. खरा बुटका माणूस तिथे वेगळंच काहीतरी करतो, टाचा उचलतो, ट्रेवर पाय देतो, एक हात उंबऱ्याला लावून दुसऱ्याने काम करतो. ते त्याच्याच व्हिडिओवरून घ्यायचं.

उकिडवं बसून किंवा मांडी घालून होणारं काम, जसं छोटे कास्टिंग घासणं किंवा हुपरीचं चांदीकाम, याच्या तयार पोझ बऱ्याच सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मिळत नाहीत. खुर्चीची पोझ घेऊन खुर्ची लपवायची असला प्रकार करू नका, पोझ स्वतः बनवा आणि गुडघ्याचा कोन व्हिडिओशी ताडून बघा.

टप्पा ७: स्कोअरच्या आधी तपासणी

हा टप्पा सगळे गाळतात. प्रत्येक महत्त्वाची पोझ व्हिडिओच्या फ्रेमशेजारी ठेवा आणि बघा:

- पाय जमिनीला टेकलेत का, घसरत तर नाहीत?
- शरीराचा तोल पायांच्या मध्ये येतो का? वजन हातात दिल्यावर येतो का?
- शरीर कशाच्या आरपार गेलंय का, खासकरून मांड्या, पोट, बुटाचं टोक?
- मॅनिकिन जे करतोय ते त्याला दिसतंय का, की नजर छताला?
- हातात वजन भरलंय का? कास्टिंगचा आकार दिला म्हणून सॉफ्टवेअरला त्याचं वजन कळत नाही. शून्य वजनावर काढलेले कंबरेचे रिपोर्ट सर्रास फिरतात.
- धड आणि दंडाचे कोन व्हिडिओतल्या कोनांपासून १० अंशापेक्षा जास्त लांब आहेत का? रूला या पोझच्या स्कोअरमध्ये (टप्पा ८ बघा) धडाला २० आणि ६० अंशाला, दंडाला २०, ४५ आणि ९० अंशाला स्कोअर बदलतो, त्यामुळे कोन या सीमांच्या जवळ असेल तर दोन्ही बाजूंनी स्कोअर काढून बघा.

टप्पा ८: योग्य स्कोअर, योग्य कामाला

रूला मुख्यतः हात, खांदे, मान यांच्या कामाला. रीबा हा तसाच पोझचा स्कोअर, पण पूर्ण शरीर हलतं अशा कामाला. दोन हातांनी वजन उचलायला नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेचं समीकरण. एका हाताने उचलणं, बसून किंवा गुडघ्यावर उचलणं, निसरड्या फ्लोअरवर उचलणं, याला नायॉश लागू नाही, आणि ते साधारण १९ ते २६ अंश तापमान धरून बनवलंय, भट्टीजवळ ते तसंच लावू नका.

आता आपलं १४ किलोचं कास्टिंग. नायॉशचं मूळ वजन २३ किलो, त्याला परिस्थितीप्रमाणे गुणक लागत जातात. हात शरीरापासून ४५ सेंमी पुढे, म्हणजे २५ भागिले ४५, गुणक ०.५६. उचलताना हात जमिनीपासून ३० सेंमीवर, गुणक ०.८७. वर उचलायचं अंतर ७५ सेंमी, गुणक ०.८८. ४५ अंश वळणं, ०.८६. मिनिटाला एकदा, पूर्ण पाळी, ०.७५. पकडायला नीट जागा नाही, ०.९०. सगळं गुणलं की शिफारस केलेलं वजन येतं साधारण ५.६ किलो. आपण उचलतोय १४, म्हणजे निर्देशांक (१४ भागिले ५.६) २.५. तो १ च्या आत पाहिजे.

आता गंमत बघा, हा भाग नीट वाचा, कारण सगळेजण आधी बिन उंच करायला धावतात. फक्त बिन उंच केली, हात ७५ सेंमीला, अंतर ३०, तर निर्देशांक साधारण २.० ला येतो. फक्त वळणं काढलं तर २.१. आणि फक्त कास्टिंग शरीराजवळ आणलं, ४५ चं ३० सेंमी केलं, तर १.७. म्हणजे एकेकट्या बदलात सगळ्यात जास्त फायदा जवळ आणण्यात आहे, आणि त्याला खर्च काय, तर बिनची पुढची भिंत खाली पडणारी करायची. तिन्ही केलं तर निर्देशांक १.१. तरीही १ च्या वर, तेव्हा उरलेलं पकडीतून किंवा वारंवारता कमी करून काढावं लागेल.

हे गणित उचलण्याच्या जागेचं झालं. कास्टिंग फिक्स्चरवर अलगद, नेमकं बसवायचं असेल तर ठेवण्याच्या जागेचंही वेगळं काढायचं आणि दोघांतलं वाईट धरायचं. उंबऱ्यावरून आत झुकणं तिथे पकडलं जातं.

टप्पा ९: बदल एकेक करून

सीनमध्ये एकावेळी एकच गोष्ट बदला आणि स्कोअर लिहीत जा, नाहीतर कशाने फरक पडला ते सांगता येणार नाही. प्रत्येक बदल छोट्या, मोठ्या दोन्ही मॅनिकिनवर परत चालवा. मग सीनच्या बाहेर बघा: बिन उंच केल्यावर फोर्कलिफ्ट ती ठेवू शकते का, दार पूर्ण उघडतं का, चिप काढायला वाट राहते का. होइस्ट (वजन उचलायचं यंत्र) सुचवणार असाल तर त्याचा वेळ सायकलमध्ये धरा, हाताने पटकन होतं म्हणून कोपऱ्यात पडून राहिलेले होइस्ट कितीतरी शॉपमध्ये आहेत.

टप्पा १०: खोटं मॉडेल, खरा माणूस

ऑर्डर द्यायच्या आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून अँगलचा तात्पुरता सांगाडा वेल्ड करून घ्या, किंवा प्लायवूड आणि खोकी वापरा, उंची बोल्टवर वरखाली होईल असं ठेवा. सगळ्यात बुटका आणि सगळ्यात उंच ऑपरेटर त्यावर खरं कास्टिंग उचलू दे. त्यांनी सांगितलेली उंची आणि सिम्युलेशनची उंची यात फरक आला तर आधी टप्पा ३ ची मापं परत बघा. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सुटलेलं असतं.

खरं स्टेशन बसल्यावर लगेच शूट करू नका, लोकांचा हात बसायला दोनतीन आठवडे द्या, मग त्याच दोन जागांवरून, पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी, बिनच्या वरच्या आणि तळाच्या थराला परत व्हिडिओ घ्या आणि तेच कोन मोजा. फोल्डरमध्ये सीनबरोबर मापांचा कागद, कुठला डेटा वापरला, वजन किती भरलं आणि कुठल्या तारखेचा व्हिडिओ, हे सगळं ठेवा. उद्या त्याच मशीनवर १४ च्या जागी १९ किलोचा पार्ट आला की फाइल उघडून नुसतं वजन बदलायचं नाही, त्याची पकड आणि रुंदी वेगळी असते, म्हणजे हात शरीरापासून किती लांब राहतो ते परत टेपने मोजायचं.